मंगल कार्यालयाची यादी

आमच्या कावेरीबद्दल गेवराईत कुणी वाकडं बोललं की माझं टाळकं फिरतं. मी तिची आत्या, शांतादेवी. बाजारपेठेत माझ्या भावाचं, शिवलिंगप्पाचं, कापडाचं दुकान हाय. लोकांच्या लग्नाचे बस्ते बांधण्यात माझी हयात गेली, त्यामुळं माणूस कसा वळखायचा ते मला कुणी शिकवू नये.

कावेरी आर्किटेक्ट झाली तवाच लोकांना उमजंना की ही नेमकी कोण. "इंजिनिअर का?" न्हाई. "मग नकाशावाली!" बरं बाबा, नकाशावाली. त्यावर पोरीनं पुण्याला पुढचा अभ्यास घेतला, शनिवार-रविवारचा, आन् त्याचं नाव काय तर म्हणे प्रोफेशनल प्रॅक्टिस. झालं! शेजारचा त्रिंबक सोनार दुकानात आला आन् तोंड बारीक करून विचारतो, "अक्का, पोरगी अजून प्रॅक्टिसच करायलीय का? पक्कं कवा शिकणार?"

माझा भाऊ भोळा सांब. त्यानं मान खाली घालून सांगितलं, "हे शेवटचंच वर्ष हाय." म्हंजे पोरगी नापास व्हायलीय असं गावभर झालं. मी त्रिंबकला म्हणलं, "तुमचा डॉक्टरबी प्रॅक्टिसच करतो ना? मग कावून जाता त्याच्याकडं गुडघे दाखवायला?" तवा कुठं गडी दुकानाची पायरी उतरला.

खरं सांगायचं तर मलाबी आधी काय कळलं नव्हतं. एकदा भाकरी थापता थापता तिनं समजावून सांगितलं. घर कसं काढायचं ते ती आधीच शिकलती. आता शिकायलीती ते घर बांधणाऱ्या माणसासंगं कसं वागायचं ते. आपण कोणतं काम करणार, कोणतं न्हाई, मालकाचं मन मधीच बदललं तर काय, भिंत गळाली तर जबाबदारी कुणाची, सगळं आधी बोलायचं, लिहायचं आन् दोघांनी सही करायची.

"आगं माय, एवढ्यासाठी पुण्याला जातीस? भांडायचं कसं ते मी घरीच शिकवलं असतं की!"

"आत्या, भांडण होऊ नये म्हणून जाते," ती म्हणली.

अभ्यासाची अट अशी होती की खरं काम पाहिजे, खरा मालक पाहिजे आन् त्याची सही असलेला करार तोंडी परीक्षेत दाखवायचा. सही न्हाई तर काम धरणार न्हाईत, सगळं वर्ष पुन्हा. "पुन्हा मी बसणार न्हाई आत्या," ती म्हणलती. "मग पुण्यातच कुणाच्या तरी हाताखाली रेघा मारीन." दुकानाच्या माडीवर स्वतःचं ऑफिस थाटायचं हे तिचं कवाचं ठरलेलं. आन् मला, खोटं कशाला बोलू, ती हितंच पाहिजे होती. तिच्याबिगर ह्या घरात माझ्याशी तोंडाला तोंड देणारं हाय कोण?

काम मिळालं ते मोहनरावांचं. गोदाकाठचे बागायतदार, माजी सरपंच, भारदस्त माणूस. हायवेला लागून मंगल कार्यालय बांधायचं त्यांच्या मनात आलं आन् "आपलीच पोरगी हाय" म्हणून कावेरीला सांगितलं. पण माणूस कसला, नुसता भोवरा! आज स्टेज पूर्वेला, उद्या पश्चिमेला. नारायणगडाच्या जत्रेला जाऊन आले तर मोठी कमान पाहिजे, बीडला कुणाचं लग्न खाऊन आले तर घुमट पाहिजे. पोरगी हसतमुखानं काढायची, पुसायची, पुन्हा काढायची. शेवटी तिनं कराराचा कागद पुढं ठेवला, तर मोहनराव तांबडेलाल.

"कागूद? पोरी, आमच्या घरातला एकूण एक बस्ता तुझ्या बापाकडून गेला. कधी कागूद केला का? मोहनरावाचा शब्द म्हंजे दगडावरची रेघ!"

"काका, भरोसा न्हाई म्हणून न्हाई, पण..."

"जिथं भरोसा न्हाई तिथं काम न्हाई," म्हणले आन् नकाशांची गुंडाळी तिच्या हातात दिली.

पोरगी घरी आली ती सरळ माडीवर गेली. जेवायलाबी उतरंना. मी पदर खोचला, म्हणलं जाते आन् त्या मोहनरावाच्या मिशा उपटून आणते. भावानं हात धरला म्हणून वाचले ते.

आन् त्याच आठवड्यात मोहनराव आमच्याच दुकानात हजर! पुतणीचं, आरोहीचं, लग्न ठरलेलं. बस्त्याला दोन्हीकडची मंडळी आलती, नवरदेवाकडचे धारूरचे. कावेरी माझ्या शेजारी साड्यांच्या घड्या घालत बसलती, मान वर न करता. साड्या बघता बघता नवरदेवाच्या मावशीचा जीव एका जरीच्या शालूवर गेला. "हाबी घ्या की मानाचा," ती म्हणली. मोहनरावांनी खिशातून कागद काढला. सोयरीक ठरली तवा केलेली यादी, चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलेली.

"बघा पाव्हणे. मांडव कुणाचा, वाजंत्री कुणाची, मानाची लुगडी कुणाकुणाला, सगळं पंचांपुढं वाचून सह्या झाल्यात. यादीत न्हाई ते न्हाई."

"यादीत न्हाई? मग राहू द्या," मावशी म्हणली आन् शालू बाजूला सारला. राग न्हाई, रुसवा न्हाई.

कावेरीच्या हातातली घडी तशीच राहिली. पाव्हणे गेल्यावर ती अशी हसत सुटली की मला वाटलं पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. "आत्या, ह्यांना कागदाचं वावडं न्हाई गं! माझ्या कागदाला कुंकू न्हाई म्हणून अडलंय!"

लगेच बसली लिहायला. तो इंग्रजीतला जाडजूड करार तिनं आपल्या बोलीत उतरवला. मी विचारलं, "तुझ्या मास्तरांना चालंल का?" ती म्हणली, "नियम सगळे तेच हायत, बोली तेवढी आपली."

चांगला वार बघून आमी दोघी मोहनरावांच्या गावी गेलो. ओसरीवर भावकीतली चार माणसं बसलती. आमाला बघून मोहनरावांनी तोंड फिरवलं.

"काका, करार न्हाई आणला. यादी करायला आलोय," कावेरी म्हणली.

"कशाची यादी?"

"तुमच्या मंगल कार्यालयाची. त्याचीच अजून सोयरीक झाली न्हाई, मग लोकांची लग्नं कशी लागणार तिथं?"

ओसरी खदखदून हसली. मोहनरावांच्या मिशाबी हलल्या. लगेच ताठ बसून म्हणले, "मग आमी मुलाकडचे!" मान पाहिजे ना!

त्यांच्या मालकीण तुळजाबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणल्या, "मुलाकडचे कशे वं? कार्यालय आपली लेक. ह्या कावेरीच्या हाती सोपवायलो. आपण मुलीकडचे." मोहनराव एकदम नरम आले, सोयऱ्यापुढं बसल्यावानी.

कावेरीनं खड्या आवाजात वाचायला घेतलं. मुलाकडच्यांनी, म्हंजे तिनं, नकाशे द्यायचे, पाया आन् स्लॅब आपल्या नजरंखाली भरून घ्यायचा, चुकलं तर तोंड लपवायचं न्हाई. मुलीकडच्यांनी नकाशा एकदाच पसंत करायचा, मग बदल मागितला तर नवी बोलणी.

"आन् मन बदललं तर?" मोहनरावांनी विचारलं.

"काका, यादी झाल्यावर नवरदेव बदलतात का?"

मग ती दाराकडं वळली. "काकू, तुमाला काय पाहिजे ते सांगा." तुळजाबाई चपापल्या. कुणी विचारलंच नव्हतं त्या माऊलीला. पदर सावरून म्हणल्या, "नवरीच्या खोलीला लागून संडास-मोरी लिव्ह. शालू सावरत पोरींना कुठं कुठं जावं लागतं, पुरुषांना दिसत न्हाई. आन् भांडी घासायच्या जागंवर सावली." माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. कावेरीनं ते लिहिलं. तुळजाबाईंनी हळदीकुंकवाची बोटं लावली, सुपारी फुटली, सह्या झाल्या, पंच म्हणून भावकीतल्या चौघांच्याबी झाल्या. गूळ वाटला.

पाया खांदून झाला आन् परीक्षेचा दिवस उगवला. परीक्षा कॉम्प्युटरवर होती, दुकानाच्या माडीवर. मी दाराआड फरशीवर, तोंडाला पदर लावून बसलते. पडद्यावर एक सर आन् एक मॅडम.

"करारावर हे डाग कसले?" मॅडमनी विचारलं.

"कुंकू आहे, मॅडम."

सर हसले न्हाईत. म्हणले, "मालकाला कळलंय का, आपण कशावर सही केली ते? त्यांना फोन लावता येईल?"

कावेरीनं फोन लावला, स्पीकरवर ठेवला. सरांनी विचारलं, "मोहनराव, तुम्ही आर्किटेक्टबरोबर करार केलाय ना?"

"करार? छे छे! असला काय करार-बिरार केला न्हाई म्या."

महादेवा रे! कावेरी खुर्चीतून अर्धी उठली. सरांनी पेन खाली ठेवलं. मी मनात मोहनरावाच्या सात पिढ्या उद्धरल्या.

"यादी केलीय आमी," मोहनराव पुढं म्हणले. "करार काय साहेब, वकील लावला की मोडतो. यादी मोडली तर सोयऱ्याधायऱ्यांत तोंड दाखवायला जागा न्हाई."

मॅडम पुढं सरकून बसल्या. "आणि तुम्ही मधेच बदल मागितला तर?"

"मागितला की! पुन्हा घुमट पाहिजे होता मला. मालकिणीनं यादी आणून पुढं ठेवली. बसलो गप."

मॅडम हसायला लागल्या, आन् आता सरांनाबी हसू आवरंना. "बरं, तुमचं अजून काही म्हणणं?"

"हाय की. पाया खांदून तयार हाय, आन् यादीत लिव्हलंय, तिच्या नजरंखालीच भरायचा. मुलाकडच्यांनीबी यादी पाळायची असती, साहेब. तुमी पास करा न्हाई तर नापास करा, सोमवारी आमची आर्किटेक्ट हितं पाहिजे."

आर्किटेक्ट म्हणला हो तो माणूस! पोरगी न्हाई, नकाशावाली न्हाई.

"मग सोमवारी वेळेवर पोचा, कावेरी," सर म्हणले. "पास आहात तुम्ही."

एवढा येळ दाबून धरलेला आवाज माझ्या तोंडून असा सुटला की खाली दुकानातलं गिऱ्हाईक साडी टाकून जिन्याकडं पळालं.