किल्टवरचा शर्ट: वसमत ते गोरेगाव

वसमतच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा मी पँटमध्ये होतो आणि शारदा खुशीत होती. दोन्ही तासाभराचंच निघालं.

शारदा माझी बायको. तिचं माहेर सेनगाव तालुक्यातलं गोरेगाव. तिच्या भावाने नवं घर बांधलं, त्याच्या वास्तुशांतीला आम्ही स्कॉटलंडहून आलो होतो. तिथल्या एका लहान शहरात मी अकरा वर्षं बस चालवतो. दहा वर्षं भरली तेव्हा डेपोतल्या सगळ्यांनी मिळून मला किल्ट शिवून दिला. किल्ट म्हणजे तिथल्या पुरुषांचा मानाचा पोशाख: गुडघ्यापर्यंत, लोकरीचा, चौकड्यांचा, मागे भरपूर चुण्या. तो हातात घेताना मला रडू आलं. आलं तर आलं, सांगायला लाज कसली!

त्याच संध्याकाळी किल्ट घालून फोटो काढला आणि सासऱ्यांना, म्हणजे आबांना, पाठवून दिला. तिथेच घोळ झाला. वर मी फुलाफुलांचा ढगळ शर्ट घातला होता, तोही बाहेर सोडून. परकर-पोलक्यात उभा आहे असाच दिसत होतो. गावभर हसं झालं. दर रविवारी माझ्याशी तासभर गप्पा मारणारे आबा त्यानंतर फोन लागला की म्हणायचे, "शारदाला द्या." वर्ष झालं. मला ते फार लागलं होतं.

"एक दिवस पँट घाला अन् मिटवून टाका," असं शारदाचं म्हणणं. पण चूक किल्टची नव्हतीच, शर्टाची होती! बरोबर शर्ट घालून आबांसमोर उभं राहायचं आणि जावयाचा आहेर त्यांच्याच हातून घ्यायचा, हे मी विमानातच ठरवून टाकलं होतं. इकडून मेहुण्याचा निरोप होता, "आबा मला म्हणून राहिले, 'आहेर तूच दे, मी न्हाई देणार.'"

मार्चमध्ये वसमतला हळदीचा वास बाजारभर असतो. मोंढ्याजवळच्या, म्हणजे धान्यबाजारालगतच्या, एका कपड्यांच्या दुकानात शिरलो. मालक आणि टेलर एकच, पन्नाशीतला गडी. मी पिशवीतून किल्ट काढून गादीवर पसरला. त्याने चष्मा लावला आणि एकेक चुणी बोटाने उलगडून पाहिली.

"किती कापड लागलं हो ह्याला?"

"आठ वार."

"आठ! म्हंजी नऊवारीला एकच वार कमी. काम मात्र बराबर हाय."

शारदाने कपाळाला हात लावला.

त्याने आधी चौकड्याचा शर्ट काढला. मी म्हटलं, खाली चौकडा असताना वर चौकडा नको, डोळे गरगरतात. मग चकचकीत जांभळा आला. तोही नको. साधा, सुती, एकरंगी, कॉलरचा. बाह्या दुमडता येतील असा. शेवटी दुधी रंगाचा एक पसंत पडला. आतल्या खोलीत किल्ट-शर्ट चढवून बाहेर आलो, हात वर केले आणि खोचलेला शर्ट सर्रकन बाहेर! किल्टला पँटसारखे पाय नसतात, शर्टाची टोकं आत अडकत नाहीत, त्यामुळे नेहमीच्या मापाचा शर्ट अपुरा पडतो.

"मोठ्या मापाचा घ्या, खांद्यात मी आत घेतो," टेलर म्हणाला. अर्ध्या तासात शर्ट असा बसला की आरशासमोरून मला हलवेना. आता पँट कशाला घालतोय! आहे तसाच निघालो. भजी आणि तळलेली मिरची खाऊन हिंगोलीची एसटी धरली. शारदा माझ्यापासून दोन बाकं सोडून बसली.

हिंगोलीहून गोरेगावची जीप. माझ्या शेजारी एक शेतकरी मांडीवर हळदीची गोणी घेऊन बसला होता. माझे गुडघे बराच वेळ न्याहाळून त्याने विचारलं, "काहून (का) असं?"

"मानाचा पोशाख आहे."

"व्हय का? मंग ठीक हाय. हवा बी लागत असंल."

सगळी जीप हसली, मीही हसलो. तेवढ्यात खड्डा आला, गोणी उसवली आणि माझ्या दुधी शर्टावर वीतभर पिवळा पट्टा उमटला. बिचारा हाताने झटकत गेला, तसा तो आणखी पसरला.

गोरेगावात आबा नव्या घराच्या ओट्यावरच बसले होते. धोतर, पांढरा नेहरू शर्ट, टोपी. मी पाया पडलो. त्यांनी डागाकडे पाहिलं, मग दुसरीकडे, आणि उठून आत गेले. माझा जीव एवढासा झाला. शारदाने शर्टाला साबण लावला तर डाग लालभडक! "घाला आता पँट," ती म्हणाली. वरण-बट्टीचं जेवण होतं, पण मला घास गोड लागेना.

सकाळी लवकर जाग आली, खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणात दोरीवर किल्ट हवेला टाकलेला होता आणि आबा त्याच्यासमोर उभे होते. त्यांची हयात मेंढरांमागे गेलेली. बोटांत लोकर चोळून पाहत होते. शारदा झाडत होती.

"मेंढीचीच हाय. कुठून आणलं ह्यानं हे?"

"आणलं न्हाई, आबा. संगं काम करतात त्या लोकांनी मिळून दिलं. दहा वर्षं झाली म्हणून."

"परक्या मुलखातल्या लोकांनी?"

"व्हय."

आबांनी किल्टची एक चुणी सरळ केली. मग म्हणाले, "मंग त्यो आहेर हाय की! आंधी काहून न्हाई सांगितलं?"

खरंच, वर्षभरात ही गोष्ट मी त्यांना सांगितलीच नव्हती. नुसता फोटो पाठवला होता.

पूजा झाली. धुऊन फिकट झालेल्या डागाच्या शर्टात आणि किल्टमध्ये मी पाटावर बसलो. सगळं गाव बघत होतं. मेहुणा आहेराचं खोकं घेऊन पुढे आला, तर आबांनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं. असलं खोकं ठरलेलं असतं: शर्टाचं कापड, पँटचं कापड, टॉवेल, टोपी. आबांनी ते उघडलं, पँटचं कापड बाहेर काढलं आणि मेहुण्याला परत दिलं.

"हे तू ठिव. जावईबापूला लागत न्हाई."

मग मला कुंकू लावलं, डोक्यावर टोपी ठेवली, उरलेलं खोकं माझ्या हातात दिलं आणि वाकून कानाशी म्हणाले, "ह्याचा शर्ट शिवा. अन् खोचून घाला, बाहेर सोडू नका."

शारदा पदराने डोळे पुसत होती.

परतीच्या वाटेवर वसमतच्या त्याच टेलरकडून तो शर्ट शिवून घेतला. फिकट आकाशी, लांबीला मुद्दाम चार बोटं जास्त. आबांना किल्ट आवडला की नाही, देव जाणे. मी आपला शर्ट शोधत हिंडलो आणि सांगायची गोष्ट सांगायची राहिली. आता रविवारी फोन लागतो तो माझ्याशीच, आणि रामराम व्हायच्या आत आबा विचारतात, "खोचलाय न्हवं?"