उसन्या वयाचं घर

क्वेननं स्वतःच्या कमाईनं घर घेतलं, पण त्या घरात पहिलं पाऊल टाकणार होता तिला टाकून गेलेला नवरा. परक्या माणसाला हा वेडेपणा वाटेल. आमच्या कांथो शहरात कुणालाच वाटला नाही. उलट सगळ्यांनी माना डोलावल्या, की बरं झालं बाई, वेळेला एक तरी पुरुष मिळाला.

त्याचं असं झालं. आमच्याकडे प्रत्येक वर्ष एकेका प्राण्याचं असतं, आणि क्वेनचा जन्म उंदराच्या वर्षातला. पंचांग बघणाऱ्या गुरुजींनी बोटांची पेरं मोजली, तोंडानं चुकचुक केली आणि सांगितलं की उंदराच्या वर्षातल्या माणसांना यंदापासून तीन वर्षं वाईट. त्यात नवं घर करणं म्हणजे संकटाला आवतण. आणि संकट येणार ते घरातल्या सगळ्यात लहान जिवावर. क्वेनच्या घरात सगळ्यात लहान होती तिची मुलगी मीत. मीत म्हणजे फणस. आमच्याकडे लेकरांना दृष्ट लागू नये म्हणून घरात अशीच फळाफुलांची नावं ठेवतात, आणि ही पोर लहानपणी होतीही तशीच, गोलमटोल आणि सारखी चिकटणारी.

"तीन वर्षं थांब," गुरुजी म्हणाले. सांगायला त्यांचं काय जात होतं? घर विकणारा थांबणार नव्हता. आणि ज्या भाड्याच्या खोलीत क्वेन, तिची आई आणि मीत दाटीवाटीनं राहत होत्या, तिची मालकीण तर रोज दारात येऊन भिंती मोजून जात होती. तिला तिथे मोटारसायकली दुरुस्त करायचं दुकान काढायचं होतं.

अशा वेळी आमच्याकडे उपाय ठरलेला असतो. वय उसनं घ्यायचं. ज्याचं वर्ष चांगलं चाललंय अशा एखाद्या पुरुषाला घर नावापुरतं विकायचं. मग त्यानं मालक म्हणून आत शिरायचं, पेटती शेगडी ठेवायची, देवाला आपलं नाव सांगायचं. खऱ्या मालकानं तोवर उंबऱ्याला पाय लावायचा नाही. सगळं आटोपलं की चार पैसे जास्त देऊन घर परत विकत घ्यायचं. देव यानं फसतात की नाही ते देव जाणोत, माणसं मात्र निवांत झोपतात.

पण पुरुष आणायचा कुठून? क्वेनच्या भावानं आपलं वय आधीच साडूला देऊन ठेवलेलं, आणि साडूचं घर अजून छपरापर्यंतही पोचलेलं नव्हतं. एकदा दिलेलं वय ते घर पुरं होईपर्यंत दुसऱ्याला देता येत नाही. काका विधुर, ते चालत नाहीत. क्वेनच्या कामावरच्या मुकादमाचं वर्ष तिच्यापेक्षाही वाईट निघालं.

"खोय आहे की," एके दुपारी भाजी निवडता निवडता आई म्हणाली. मान वर केली नाही तिनं.

"कोण खोय?"

"किती खोय माहीत आहेत तुला?"

"आई, मीत रांगत होती तेव्हा गेलाय तो. कोर्टात जाऊन मोकळी झालेय मी त्याच्यापासून."

"नवरा आण म्हणत नाही मी. वय आण म्हणते. गुरुजींना विचारून आले. डुकराच्या वर्षातला आहे, एकदम छान चाललंय त्याचं."

"तो डुकराच्या वर्षातला आहे हे तू मला सांगू नकोस."

आईला हसू आलं नाही. तिनं भाजीची टोपली बाजूला सारली. "तुला तसंच घुसायचं असेल तर घुस. मी त्या घरात पाऊल टाकायची नाही. नातीला काही झालेलं या डोळ्यांनी बघायचं नाहीये मला."

ही नुसती धमकी नव्हती. क्वेन माशांच्या कारखान्यात कामाला. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून, बर्फाच्या पाण्यात हात बुडवून माशांची कातडी सोलायची. उजाडायच्या आत कामावर हजर व्हावं लागे. मीतला उठवणं, भरवणं, शाळेत सोडणं, ताप आला तर रात्र काढणं, सगळं आई करायची. आई नाही तर नोकरी नाही, नोकरी नाही तर बँकेचा हप्ता नाही, हप्ता नाही तर घर कसलं? म्हणून क्वेननं दात-ओठ खाऊन फोन केला.

खोय वाळू वाहणाऱ्या नावेवर कामाला होता, आज या घाटाला तर उद्या त्या. तो लगेच "येतो" म्हणाला, आणि तेच क्वेनला खटकलं. इतक्या पटकन तो पूर्वी फक्त जेवायला हो म्हणायचा.

गृहप्रवेशाच्या दिवशी क्वेन आपल्याच गल्लीच्या तोंडाशी, सातव्या मावशीच्या बर्फाच्या चहाच्या गाड्याशी उभी राहिली. मावशी आईबापांची सातवी, म्हणून अख्ख्या गल्लीची सातवी. तिथून घराचं निळं दार दिसत होतं. खोय इस्त्रीचा शर्ट घालून आला, केसांना पाणी लावून. त्यानं पेटती शेगडी उचलली. मागून मीत तांदळाचं मडकं छातीशी धरून, तिच्या मागे आजी पाण्याची घागर घेऊन. उंबऱ्याशी खोय थांबला, वळून क्वेनकडे बघून हसला आणि आत गेला.

"शर्ट बरा घातलाय," सातवी मावशी म्हणाली. "बैस गं. अशी काय ताठ उभी राहिलीस?"

"बसवत नाही."

"माझ्या जावयानं वय घेतलं होतं शेजारच्या म्हाताऱ्याचं. म्हाताऱ्यानं देवाला नाव सांगितलं नि तासाभरात नैवेद्याच्या कोंबडीची तंगडी घेऊन घरी गेला. तसंच असतं हे. चहा पी."

क्वेननं पेला हातात घेतला, पण चहा प्यायला नाही. खिडकीतून धूर येऊ लागला होता. आत खोय तिच्या देवाला स्वतःचं नाव सांगत असणार, पत्त्यासकट. या घरासाठी तिनं कानातलं विकलं, तिच्या बोटांच्या भेगा पावसाळ्यातही भरत नाहीत, आणि आत नाव कुणाचं, तर ज्यानं पोरीच्या शाळेचं दप्तरही कधी आणलं नाही त्याचं. तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मावशीनं ते पाहिलं आणि बर्फ फोडायला घेतला.

उदबत्त्या विझायच्या वेळेला खोयनं दारात येऊन तिला बोलवायचं, असं ठरलेलं होतं. धूर विरळ झाला. कुणी आलं नाही. मग मीतच धावत आली, गाल लाल झालेले. "आई! बाबांनी झोपाळा बांधला! मला झोका दिला!"

क्वेननं पेला गाड्यावर ठेवला. आमच्या नदीकाठच्या मुलखात पाहुणा खुर्चीवर बसतो. कापडी झोपाळा सोबत आणून जो दुसऱ्याच्या घरातल्या हुकांना बांधतो, तो पाहुणा नसतो.

ती दाराशी गेली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. खोय झोपाळ्यात पाय पसरून पडला होता, एक पाय जमिनीवर टेकवून हलके झोके घेत. जमिनीवरच्या लाल देव्हाऱ्यातला ढेरपोट्या भूमिदेव नेहमीसारखा हसत होता. आई शेगडीजवळ उकिडवी बसली होती. क्वेननं लाल पाकीट पुढे केलं.

"हे घे. घर परत दे."

"बैस की जरा. अरे हो, तुला आत येता येत नाही." खोय हसला. "एवढी काय घाई? मला एवढ्यात विकायचं नाहीये."

"खोय, चेष्टा पुरे."

"चेष्टा कुठे? नव्या घरात पहिली रात्र मालकानं झोपायचं असतं. रीत आहे. आईंना विचार."

क्वेननं आईकडे पाहिलं. आईनं शेगडीत नसलेली राख सारखी केली. "रीत तर आहे," ती पुटपुटली. "एक रात्र, पोरी. एका रात्रीनं काय होतंय?"

खोयची एक रात्र केवढी असते ते क्वेनला चांगलं ठाऊक होतं. मागे एकदा तो असाच एका रात्रीपुरता आला होता. पावसाळा संपेपर्यंत राहिला, आणि गेला तेव्हा भाताचा कुकरसुद्धा घेऊन गेला. आता तिच्यामागे गल्लीतली माणसं गोळा झाली होती. सातवी मावशी गाडा सोडून आली होती, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"मीतलाच विचारू या," खोय म्हणाला. "काय गं फणसा, राहू दे ना बाबांना?"

मीतचा चेहरा असा फुलला की क्वेनला बघवेना. पोर हो म्हणणार, आणि ती हो म्हणाली की सगळं संपलं. मीतनं झोपाळ्याकडे पाहिलं, झोपाळ्याखाली पाहिलं, कोपऱ्यात पाहिलं.

"बाबा, तुमचे कपडे कुठायत?"

"कपडे कशाला?"

"राहायला कपडे लागतात."

"अगं, रात्रीपुरतं तर राहायचंय."

"मग उद्या?"

"उद्याचं उद्या बघू. उद्या नाव सुटायची आहे."

मीत जाऊन आजीच्या पाठीला टेकून उभी राहिली. खोयला ते आवडलं नाही. त्याचा पाय थांबला.

"तू काही म्हण क्वेन, सध्या देवापुढे नाव माझं आहे. घर परत न घेता आत आलीस तर काय होईल ते गुरुजींनी सांगितलंय. लहान पोर आहे घरात. विचार कर बाई."

तो हे अगदी मऊ आवाजात म्हणाला, काळजी असल्यासारखा. स्वतःच्या मुलीच्या आजारपणाची भीती घालून तो तिच्या घरात जागा मागत होता. क्वेनला वाटलं, याच्या तोंडावर उकळतं पाणी टाकावं. आणि त्याच क्षणी ती घाबरलीही. गुरुजींवर तिचा पुरता विश्वास नव्हता, अर्धाच होता, पण भीती वाटायला अर्धा पुरतो. मीतला मागच्या वर्षी डेंग्यू झाला होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात चटईवर काढलेले दिवस तिला आठवले, पोरीचे सुकलेले ओठ आठवले. पाय उचलेना.

आज मागे सरले तर काय होईल, हेही तिला दिसत होतं. पुढच्या वेळी हा नाव चुकली म्हणून येईल, मग पाय दुखतोय म्हणून येईल, आणि दर वेळी पोरीला पुढे करील. आणि मीत दर वेळी झोपाळ्याखाली कपडे शोधील.

तिनं चपला काढल्या आणि उंबरा ओलांडला.

"पोरी!" आई किंचाळली. "अगं, थांब!"

क्वेन थांबली नाही. तिनं उदबत्त्यांचा पुडा घेतला. काडी दोनदा विझली, तिनं तिसरी ओढली. मग ती देव्हाऱ्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"मी क्वेन. उंदराच्या वर्षातली. हे घर माझं आहे, आणि याचे हप्ते मीच भरणार आहे. सकाळी तुम्हाला दुसरं नाव सांगितलं ते खोटं होतं. लबाडी माझी, काय शिक्षा करायची ती मला करा. पण माझ्या पोरीच्या केसालाही धक्का लागता कामा नये. सांगून ठेवते." देवाशी असं कुणी बोलत नाही. पण तिला विनवणी करायला जमत नव्हतं, भांडायला जमत होतं.

तेवढ्यात मीत शिंकली. धुरानं शिंकली बिचारी, पण आजीचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं नातीच्या कपाळाला हात लावला, गळ्याला लावला, पुन्हा कपाळाला लावला. मग ती गुडघ्यांवर हात देऊन उठली. क्वेननं डोळे मिटून घेतले. आता आई पोरीला घेऊन चालू लागणार, भावाकडे जाणार, असं तिला वाटलं.

आईनं तिच्या हातातल्या उदबत्त्यांतली एक काढून घेतली आणि कण्हत शेजारी बसली.

"ही माझी लेक," आई देवाला म्हणाली. "घर हिचंच आहे. मीच हिला लबाडी शिकवली. तीन वर्षं वाईट असतील तर ती माझ्या अंगावर घाला. मी म्हातारी आहे, मला काही तरी होणारच आहे. नातीकडे बघू नका. लेकीकडेही नका बघू." तिनं उदबत्ती राखेत खोचली आणि मागे न वळता म्हणाली, "खोय, झोपाळा सोड. कपडे वाळत घालायला हे हुक लागतील मला."

"आई, अहो, रीत..."

"रीत मला शिकवतोस होय रे? सोड म्हणते ना."

खोयनं गल्लीकडे पाहिलं. सातवी मावशी कमरेवर हात ठेवून उभी होती. त्यानं गाठी सोडल्या, झोपाळा बगलेत मारला. लाल पाकीट आईनंच त्याच्या खिशात कोंबलं, तो नको म्हणत असताना. फुकट काही ठेवायचं नव्हतं तिला त्याचं. कोंबडीची तंगडीही दिली बांधून.

तो गल्लीच्या तोंडाशी दिसेनासा होईपर्यंत मीत दारात उभी होती. रडत होती, पण आवाज न करता. क्वेन तिच्या मागे येऊन उभी राहिली. जवळ घ्यावं की नको ते तिला कळेना. घर मिळवून दिलं पोरीला, आणि त्याच दारातून बाप घालवला.

"आई," मीत नाक ओढत म्हणाली, "बाबा परत येणार?"

"येतील. दार वाजवून येतील."

"तू उघडशील?"

क्वेननं खोटं बोलून पाहिलं मनात. जमलं नाही.

"तू घरात असलीस तर उघडीन," ती म्हणाली.