स्टाउटमध्ये ओट्स किती?

ऑक्टोबर १९८८, शनिवार सकाळ. नॉटिंगहॅममधल्या आमच्या होमब्रू शॉपची, म्हणजे घरी बिअर करायचं सामान विकणाऱ्या दुकानाची, मागची खोली. हजर: वधूपिता डॉक्टर दिलीप, वरपिता केन, आणि दुकान चालवणारी मी.

दोघे व्याही एकमेकांशी हवामानापलीकडे बोलत नसत. म्हणून डॉक्टरांच्या लेकीने, रश्मीने फर्मान काढलं होतं: रिसेप्शनची स्टाउट तुम्ही दोघांनी मिळून करायची. स्टाउट म्हणजे भाजलेल्या बार्लीची काळी बिअर. ती मुरायला वेळ लागतो आणि लग्न तोंडावर आलेलं. बॅच बिघडली तर दुसरी होणार नव्हती.

भांडण ओट्सवरून. ओट्सने बिअरला मऊपणा येतो.

"भरपूर घालू. दाट हवी," डॉक्टर म्हणाले.

"मग ती वॉलपेपर चिकटवायला वापर. काय, डक?" केन बायकोपासून बस ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांनाच 'डक' म्हणतो. इकडची रीतच आहे.

"वहिनी, तुम्ही तरी सांगा याला," डॉक्टर मराठीत पुटपुटले.

मी निकाल दिला: दहा पौंड धान्यात एक पौंड ओट्स. बार्लीला टरफल असतं. धान्य गरम पाण्यात भिजलं की टरफलांचा थर बसतो आणि तोच गाळणी होतो. सोललेल्या ओट्सना टरफल नसतं. जास्त झाले की नुसती खळ.

तोटीच्या पिंपात धान्य भिजवलं, कार्डावर नोंद केली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं म्हणून काउंटरवर गेले. परत येऊन बघते तर डॉक्टर बाह्या सरसावून पिठल्यासारखं घोटतायत.

"अहो, काय करताय?"

"गुठळ्या नकोत ना!"

तोटी उघडली. दोन-चार थेंब आले आणि बंद. थर पार मोडला होता.

"वरून काही टाकलंत का?"

"थोडे ओट्स."

"थोडे म्हणजे?"

"अंदाजाने, वहिनी."

आणि हा माणूस हॉस्पिटलात पेशंटला मिलिलिटर मोजून भूल देतो! केन खिडकीबाहेर बघत राहिला.

मी गरम पाणी ओतलं, एकदाच हलवलं, झाकण लावलं. "आता थर पुन्हा बसेपर्यंत कोणी हात लावायचा नाही."

डॉक्टरांनी हात खिशात घातले. "नाहीच जमलं तर सगळ्यांना चहा पाजू," केन म्हणाला. डॉक्टर हसले. मग दोघे चहावरूनच वाद घालत बसले.

पुन्हा तोटी उघडली, अगदी किंचित. आधी गढूळ आलं. ते मी जगने हळूच परत वर ओतत राहिले. मग धार लागली. काळी, पण ग्लास उजेडात धरला तर कडेला माणकासारखी लाल. ना कापड, ना कागद. धान्याने आपलं पाणी आपणच गाळलं होतं. हे मी कितीतरी वेळा पाहिलंय, तरी ग्लास खाली ठेववेना. केनने टोपी काढली.

लग्नात मी पहिला घोट घेतला आणि ग्लासकडे बघतच राहिले. इतकी मऊ स्टाउट माझ्या दुकानात ना आधी झाली, ना नंतर.

"वहिनी, माझे जास्तीचे ओट्स!" डॉक्टर ऐटीत म्हणाले.

केनने घसा खाकरला. "ओट्स टाकून तू फोन करायला गेलास ना, तेव्हा मी मगाने वरचे काढून कबुतरांना टाकले."

"किती?" मी विचारलं.

"अंदाजाने, डक."

डॉक्टर इतके हसले की हातातला ग्लास हिंदकळून केनचा सूट भिजला. केनने तो पुसलाही नाही.

तेव्हापासून ब्रू करताना दोन व्याह्यांना मी खोलीत एकटं सोडत नाही. ती स्टाउट पुन्हा करून बघते. जवळ जाते, पण ती नव्हे. कार्डावरचं 'एक पौंड' खोडलंय. खरा आकडा भरायचा राहिलाय.