परतीची ओळ

आमच्या बियाणे कंपनीच्या कोल्हापूर ऑफिसात राउटर बघायला जे येतात, त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे त्यांना नेटवाले म्हणतात. आले की चहा बाजूला सारतात आणि कुठला डेटा कुठल्या वाटेनं पाठवायचा, ती राउटरमधली यादी उघडून ओळ न् ओळ पुटपुटत वाचतात. घाई केली तर म्हणतात, "वाचू द्या की. न वाचता हात लावत न्हाय मी."

मागच्या महिन्यात गडहिंग्लज शाखेचा नेटवरचा संपर्क तुटला. तिथलं ऑफिस सांभाळणाऱ्या ताईंनीच काहीतरी बिघडवलं म्हणून साहेबांनी त्यांना फोनवर झापलं. आम्ही हसलो. मीही.

नेटवाल्यांनी इथली यादी वाचली. मग ताईंना फोन लावून तिथली वाचायला लावली. ऐकता ऐकता ते थांबले. "हितनं गेलेलं पोचतंय. उत्तर परत यायची ओळच न्हाय तिथं." त्यांनी ती ओळ सांगितली, ताईंनी टाइप केली, काम सुरू झालं.

आम्ही उठलो. ते उठले नाहीत.

"साहेब, तिथला नवा राउटर काल मीच बसवला. ती ओळ मी इसरलो. ताईंची चूक न्हाय."

"असू दे. झालं ना सुरू."

"ताई फोनवरच हायत. त्यास्नी सांगा की."

फोन त्यांनी साहेबांपुढं सरकवला. साहेबांनी आमच्याकडं बघितलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "ताई, चुकलं माझं."

तेव्हा कुठं नेटवाल्यांनी गार झालेला चहा उचलला.