दादाचा रोजचा व्यायाम

माझा दादा हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचा. बाकी सगळं रंगकाम झालं की मूर्ती त्याच्यापुढे यायची. चाळिशी ओलांडल्यावर त्याचा हात चुकायला लागला. नुसता ठेवला तर स्थिर असायचा, ब्रश मूर्तीजवळ नेला की थरथरायचा. मग चालताना झोक जायला लागला, जीभ जड झाली. एकदा पेणच्या स्टँडवर कंडक्टरने त्याला गाडीत चढू दिलं नाही. "आधी चढलेली उतरू दे, मग या," म्हणाला. दादाने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता.

मुंबईच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, तोल सांभाळणारा लहान मेंदू हळूहळू झिजतोय, त्यावर औषध नाही. मग विचारलं, "घरात आणखी कोणाला असं होतं का?"

आमचा बाप असाच चालायचा, पाय फाकवून, भिंत धरून. गाव त्याला बेवडा म्हणायचं. आईने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. मरेपर्यंत तो सांगत होता, "मी नाय घेतली गो पोरी. तुजी शपथ." मी त्याच्या तोंडाजवळ नाक नेऊन बघायचे. वास यायचा नाही. तरी मी आईचंच खरं धरलं.

वहिनी आधीच गेलेली, मूलबाळ नाही, म्हणून दादाला मी रोह्याला माझ्या घरी आणलं. जवळच फिजिओथेरपीच्या एक बाई होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "याने ते बरे होणार नाहीत. पडणं कमी होईल, आहे ते जास्त दिवस टिकेल. पण रोज केलं तर."

मी दादाला फक्त 'रोज' एवढंच सांगितलं.

पडवीत खडूने रेघ ओढली. एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवत तिच्यावरून चालायचं. बोट आधी माझ्या बोटाला लावायचं, मग स्वतःच्या नाकाला. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठायचं. बोट नाकाऐवजी डोळ्यात जायचं. त्याच्या कमरेला जुन्या साडीचा पट्टा बांधून मी मागून धरायचे. एकदा तो मलाच घेऊन पडला. त्याच्या कोपराचं रक्त पुसताना मी म्हटलं, "आज राहू दे."

"नाय. सात झाले. तीन हायत."

पाचव्या महिन्यात तो काठीशिवाय नाक्यापर्यंत जाऊन आला. मग गणपतीच्या आधी त्याने हट्टच धरला आणि मी त्याला हमरापूरला नेलं. मालकाने एक छोटी मूर्ती पुढे ठेवली. दादाने डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं. पहिलीच रेघ डोळ्यातून गालावर गेली. आजूबाजूचे ब्रश थांबले. मालकाने ओल्या फडक्याने ती पुसली. "चल, च्या घेऊ," एवढंच म्हणाला.

परतीच्या गाडीत दादा बोटांवरचा रंग खरवडत होता. मग म्हणाला, "अजून किती म्हयने करायचं गो?"

"थोडेच," मी म्हटलं.

पुढच्या वर्षी त्याचं उभं राहणंच बंद झालं. आता सगळा व्यायाम खाटेवर. मी पाय उचलते, तो आकडे मोजतो. कधी सहानंतर आठ म्हणतो. मी दुरुस्त करत नाही.

गेल्या महिन्यात जिना उतरताना माझा झोक गेला. पायरी ओली असेल. फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, हा आजार तुमच्यातही आहे का, ते रक्ताच्या तपासणीत कळू शकतं. मी अजून गेलेले नाही. सकाळी दादाचे पाय हलवायचे असतात, त्यातच अकरा वाजतात.