बावीस बाळोत्यांचं हवामान

आधी कपबशा खाली ठेवा बघू. मागच्या वेळी माझी फजिती ऐकताना एकीने हसून हसून सगळा चहा माझ्या नव्या सतरंजीवर ओतला होता. ठेवल्यात? मग ऐका. आणि ऐकून झाल्यावर "एवढी शिकलेली तू!" असं कुणी म्हणायचं नाही. ते मला लोणावळ्यात सगळ्यांनी म्हणून झालेलं आहे.

आम्ही तेव्हा तुंगार्लीला राहत होतो. एका मोठ्या बंगल्याच्या आवारातल्या दोन खोल्या. हे स्टेशनवर तारबाबू. सुमी सहा महिन्यांची, आणि मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, म्हणजे काळजी करायला लागणारी सगळी पुस्तकं वाचता येणारी!

कार्तिकातली हवा तिथे कशी असते, ठाऊक आहे? सकाळी उठून दार उघडावं तर पुढे जगच नसतं. खालचं खोरं धुक्याने असं भरलेलं, की दुधाचं पातेलं उतू जाईल म्हणून फुंकर मारावीशी वाटते. तेव्हा सुमीला दोन झबली, वर स्वेटर, वर कुंची. दहा वाजता धुकं फिटलं की ऊन असं कडकडीत पडायचं, की कुंची काढ, स्वेटर काढ. दुपारी अंगावर घामोळं. चार वाजता डोंगराची सावली अंगणात आली की परत सगळं चढव. संध्याकाळी खोकला. पुण्याहून सासूबाईंचं कार्ड: "मुलीस वारे लागू देऊ नये." माझ्या पुस्तकात छापलेलं: "बालकास मोकळ्या हवेत ठेवावे." सुमी बिचारी दिवसभर दारात आणि घरात अशी ये-जा करायची. एक पाय सासूबाईंकडे, एक पुस्तकाकडे!

आणि बाळोती. बावीस होती. माझ्या आईच्या जुन्या नऊवारींची, मऊसूत. रोज सकाळी धुऊन अंगणातल्या आंब्यापासून कुंपणाच्या खांबापर्यंत बांधलेल्या दोरीवर घालायची आणि आभाळाकडे डोळे लावून बसायचं. ढगाचा कापसाएवढा पुंजका दिसला की मी धावले. ओलं बाळोतं म्हणजे सर्दी, सर्दी म्हणजे खोकला, खोकला म्हणजे... पुढचं पान मी पुस्तकात चिकटवूनच टाकलं होतं.

आमच्या अंगणाच्या खाली उतार, उताराखाली भातखाचरं. पहिलंच खाचर चंद्रामावशींचं. त्याच आम्हाला दूध घालायच्या. आश्विनात एकदा दूध ओतता ओतता त्यांनी विचारलं, "बाई, पाऊस गेला म्हनायचा का अजून हाय?"

आता "मला काय ठाऊक?" असं म्हणायला काय हरकत होती? पण नाही. मॅट्रिक आडवं आलं.

"मावशी," मी म्हटलं, "यांच्या टेबलावर मुंबईची तार येते. तिकडचं आभाळ इथे बसून कळतं."

खरं तर त्या तारांत कुठली गाडी किती उशिरा सुटली आणि कुणाची ट्रंक कुठल्या स्टेशनावर राहिली, यापलीकडे काही नसायचं. पण मावशींचे डोळे असे मोठे झाले, की मी चांगलं ओंजळभर जास्त फुगले.

आणि नशीब बघा, दोनच दिवसांनी मला हळदीकुंकवाला जायचं होतं, म्हणून मी भर उन्हात बाळोती काढली, आणि तासाभरात पाऊस! झालं. मावशींनी सगळ्या वाडीला सांगून टाकलं, की तारवाल्या बाईच्या दोरीकडे बघत जा. कापडं आत गेली की पाऊस आलाच.

हे मला तेव्हा मुळीच ठाऊक नव्हतं. नंतर कळलं. पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही.

कार्तिक सरत आला. भात कापून खाचरात आडवं पसरलेलं. मुठी-मुठीने घातलेली ती कडपं दोन-तीन दिवस उन्हात खडखडीत वाळली, की मग भारे बांधून खळ्यावर न्यायची. सकाळी दूध घालताना मावशी म्हणाल्या, "बाई, आजचा आन् उद्याचा दिस ऊन लागलं म्हंजी सुटलो. आत्ता भिजलं तर लोंबीलाच मोड येत्याल. मग वरीसभर पोरांच्या ताटात काय घालू?"

"काही काळजी करू नका," मी म्हटलं. मला कुणी विचारलं होतं का? पण म्हटलं.

अकराचा सुमार. लख्ख ऊन. आभाळ धुतलेल्या काचेसारखं. मी दोरीपाशी गेले, आणि एका बाळोत्यावर मला दिसला एक मुंगळा. तांबडा. आंब्यावरून दोरीने चालत आलेला, चांगला ऐटबाज. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. हा जर सुमीच्या बाळोत्यात गेला असता तर? आणि एक आहे म्हणजे बाकीच्या एकविसांत किती असतील?

"अगं बाई गं!" म्हणून मी एका हाताने सगळी बाळोती ओरबाडली आणि पदर सावरत आत पळाले. एकेक झटकून पाहिलं. दुसरा मुंगळा नाही. मग सुस्कारा टाकून परत वाळत घालायला बाहेर आले, तर खाली बघते काय!

मावशींच्या खाचरात पळापळ. सगळ्या बायका कासोटे खोचून भराभर भारे बांधतायत. मावशी हात उंचावून शेजारच्या खाचराकडे काहीतरी ओरडतायत.

मी आभाळाकडे पाहिलं. ढग कुठेच नाही. पण मी मनाशी म्हटलं, तू कोण आभाळाकडे बघणारी? ही मातीतली माणसं. यांना वाऱ्याच्या वासावरून पाऊस कळतो. अगं, पाऊस येतोय! आणि तू ओली बाळोती घेऊन उभी!

मग काय विचारता. गादी उन्हात टाकली होती ती आत. उशा आत. गोधड्या आत. सरपण भिजलं तर सुमीचं पाणी कशावर तापवायचं? म्हणून कुंपणाशी रचलेलं सरपण, ओंडका-ओंडका करून आत.

इकडे खाली काय झालं असेल? मावशींची जाऊ ओरडली म्हणे, "अगं बया, बाईनं सरपानसुदिक आत घेतलं! ह्यो साधा पाऊस न्हवं!"

वाडीतली उरलेली माणसं धावली. भाकरी टाकून धावली. तिकडून दोन बैलगाड्या सुटल्या. मी वरून गाड्या पाहिल्या आणि माझं धाबंच दणाणलं. गाड्या काढल्या! म्हणजे वादळच! मी खिडक्या लावल्या. दारं लावली. वर माझ्या खिडक्या धडाधड लागताना पाहून खाली ती माणसं आणखी जोरात धावली. आणि ती धावताना फटीतून पाहून मी शेगडी पेटवली.

सुमीला स्वेटर, कुंची, शाल असं गुंडाळून मांडीवर घेऊन बसले. वाट पाहत. पाव तास झाला. अर्धा तास झाला. सुमी गाजरासारखी लाल झाली. कपाळाला हात लावला तर चटका! ताप! मी रडायलाच लागले.

तेवढ्यात दार वाजलं. हे जेवायला आले होते. बाहेरून लख्ख ऊन आत आलं. यांनी एकदा बंद खिडक्यांकडे पाहिलं, एकदा खोलीच्या मधोमध रचलेल्या सरपणाकडे पाहिलं, एकदा रडणाऱ्या माझ्याकडे, आणि टोपीच काढली.

"अगं, काय झालं? पुण्याहून काही तार तर नाही ना?"

"तार तुमच्याकडे येते! सुमीला ताप आलाय, आणि वादळ येतंय!"

"कुठून?"

"खालच्यांना विचारा! त्यांना कळतं!"

यांनी सुमीची शाल काढली, कुंची काढली, स्वेटर काढला, तिला ओट्यावर झाडाच्या सावलीत नेलं. पाच मिनिटांत ती गार. हसायला लागली.

"ताप नाही," हे म्हणाले. "तू पोरीला भाजत होतीस."

संध्याकाळी मावशी आल्या. बरोबर त्यांचे सासरे, आबा. ऐंशीच्या घरातले, काठी टेकत, एवढा चढ चढून. मावशींच्या कंबरेला फडकं आवळलेलं. कंबर धरली होती.

"बाई, पाऊस कुटं हाय?" मावशींनी विचारलं.

"तेच मी तुम्हाला विचारणार होते!"

"आमाला? तुमी कापडं काढली म्हून आमी भात गोळा केलं!"

"अहो, तुम्ही भात गोळा केलंत म्हणून मी सरपण आत घेतलं!"

"तुमी सरपान घेतलं म्हून आमी गाड्या आनल्या!"

"तुम्ही गाड्या आणल्यात म्हणून मी..." शेगडीचं मी सांगितलं नाही. काहीतरी झाकून ठेवावं माणसाने.

मावशी ओट्यावर मटकन बसल्या. "मग पयली कापडं का काढली?"

मी खाली मान घालून म्हटलं, "मुंगळा होता."

"किती?"

"एक."

आबा इतके हसले, की काठी हातातून सुटून पार कुंपणापर्यंत घरंगळत गेली. "मी वरडत व्हतो ना सूनबाई! लोहगडाच्या डोस्क्यावर ढगाचं पागुटं न्हाई, पाऊस यील कसा? तर मला म्हनती, आबा, तुमाला काय कळतंय, त्यांच्याकडं तार येती!"

पण मावशी हसल्या नाहीत. भात पुरतं वाळलं नव्हतं. तसंच रचून ठेवलं तर आत तापून कुबट होतं, म्हणून सगळे भारे पुन्हा सोडून, कडपं पुन्हा पसरायची होती. अख्ख्या वाडीची दिवसभराची मेहनत, माझ्या एका मुंगळ्यापायी. मला रात्री जेवण गेलं नाही. सकाळी मी खाली जाऊन त्यांच्याबरोबर कडपं पसरली. म्हणजे मी पसरायची, आणि मावशी ती उचलून नीट पसरायच्या.

त्याच दिवशी मी मनाशी शपथ घेतली. भात खळ्यावर जाईपर्यंत आपली बाळोती दोरीवरून दिवसाउजेडी हलायची नाहीत. मुंगळा येवो, सुरवंट येवो, साप येवो!

तिसऱ्या दिवशी दुपारी बाळोती दोरीवर, मी अंगणात. खाली बघते तर पुन्हा तीच पळापळ! भारे बांधतायत, गाड्या जोडतायत. अरे देवा! आता मी काय केलं? मी तर काहीच काढलं नव्हतं! नक्की कुणालातरी भास झाला असणार. पुन्हा सगळं भात अर्धवट वाळलेलं गोळा होणार, पुन्हा माझ्या नावाने शंख!

मी उताराच्या टोकाशी धावले. एक बाळोतं झेंड्यासारखं फडकवलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "पळू नका! काही नाही! बघा, सगळी दोरीवर आहेत!"

खालून मावशींनी दोन्ही हात हलवले. मी आणखी जोराने बाळोतं हलवलं. खालून सगळ्यांनीच हात हलवले, काहीतरी ओरडले. वारं उलटं होतं, ऐकू येईना. मला वाटलं, पटलं त्यांना! आभार मानतायत! मला इतकं भरून आलं म्हणून सांगू...

आणि मानेवर पहिला थेंब पडला.

मागे वळून पाहिलं. लोहगड नव्हताच. त्याच्या जागी काळंभोर पागोटं होतं, आणि ते चालत माझ्या अंगणापर्यंत आलं होतं. मी सगळा वेळ त्याच्याकडे पाठ करून उभी!

दोरीपर्यंत पोचेतो बावीसच्या बावीस चिंब. आवारात धो-धो पाणी. भाताचा शेवटचा भारा मात्र तेवढ्यात खळ्यावरच्या छपराखाली गेला होता. एक लोंबीसुद्धा ओली झाली नाही. त्या दिवशी सगळ्या खोऱ्यात फक्त एकच पीक भिजलं, ते माझ्या दोरीवरचं.

पाऊस जरा ओसरल्यावर मावशी आल्या, इरल्याखाली कोरड्या फडक्यांचं बोचकं घेऊन. सुमी तेव्हा यांच्या रेल्वेच्या कोटात गुंडाळलेली होती. पितळी बटणांसकट.

"बाई, आमी सगळी गळा फाडून वरडत व्हतो, कापडं काढा, कापडं काढा! आन् तुमी आमाला नाचून दाखवीत व्हता!"

मी फडकी घेतली, सुमीला कोटातून काढलं. कोट ओला झाला होता. पावसाने नव्हे.

मला वाटलं, सुटले. आता माझ्या दोरीकडे कुणी बघणार नाही. पण दोन दिवसांनी उघडलं, छान ऊन पडलं, मी निवांतपणे बाळोती वाळत घातली, आणि खाली बघते तर झोडून खळ्यावर पसरलेलं भात बायका लगबगीने सुपात भरतायत! मी धावतच खाली गेले.

"मावशी! आता काय झालं? मी तर आज घातलीयत, काढली नाहीत!"

मावशी लाजून आबांकडे बघायला लागल्या. आबांनी चिलीम बाजूला ठेवली आणि मोठ्या आदराने मला हात जोडले.

"बाई, तुमची तार खोटी न्हाई. येकदा तुमी कापडं काढली तर ऊन पडलं, येकदा तशीच ठिवली तर पाऊस आला. तुमचं सगळं बराब्बर असतंय," ते म्हणाले, "आमीच सुलटं वाचत व्हतो."