आधी देव बाहेर

पुण्याहून निघाले तेव्हा माझ्या पिशवीत कपडे कमी आणि नियमावल्याच जास्त होत्या. आमची कंपनी लहान कारखान्यांकडून टॉवेल घेऊन परदेशी पाठवते. तिकडच्या दुकानदारांना आता टॉवेल नुसता मऊ असून भागत नाही. विणणारा सुरक्षित आहे का, रंगाचं पाणी जातं कुठे, हेही कळायला हवं असतं. ते सगळं कारखानदारांच्या गळी उतरवणं हे माझं काम. मोडनिंबला गाडी थांबली तेव्हा एका नियमावलीवर चहा सांडला. ती वाळवत वाळवतच सोलापूर गाठलं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आधी मागांची खटखट ऐकू येते, मग कारखाने दिसतात. नागेश हा तेलुगू विणकर घरातला चाळिशीचा माणूस. त्याचा कारखाना बघून मला बरं वाटलं. कामगारांच्या कानांत बोळे होते, तारा झाकलेल्या होत्या, प्यायचं पाणी थंडगार होतं. पण आग लागली तर बाहेर पडायचं जे मागचं दार, त्याच्यापुढे चांगला पुरुषभर उंचीचा देव्हारा! आत विणकरांच्या मूळपुरुषाची, मार्कंडेय ऋषींची तसबीर, पुढे तेवती समई आणि हवेत सुताची लव. एक ठिणगी पुरली असती.

आगीचा सराव म्हणून मी धोक्याची घंटा वाजवायला लावली. कुणी जागचं हललं नाही. इराप्पा नावाचे वयस्कर विणकर शांतपणे म्हणाले, "ताई, माग चालू सोडून कुटं जायाचं?"

दार मोकळं नाही, सराव नाही, म्हणजे मंजुरी नाही. मंजुरी नाही तर परदेशी काम दुसरीकडे जाणार आणि इथले निम्मे माग थांबणार. नागेशचं तोंड उतरलं. देव हलवायचा तर अम्माला (आईला) विचारावं लागेल, एवढंच तो म्हणाला. मला देव्हाऱ्याचा रागही येत होता आणि नागेशचं वाईटही वाटत होतं.

अम्मा कारखान्यामागेच राहायच्या. दार कशाला हवं, असं त्यांनी विचारलं. आग लागली तर माणसं निघायला, मी म्हटलं. त्यांनी एकदा देव्हाऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तसं असेल तर देवालापण निघायला दार पाहिजे की." पण देव म्हणजे काही कपाट नव्हे, पूजा करून मिरवतच न्यायचा, हेही त्यांनी बजावलं. मुहूर्त सकाळचा ठरला.

मुक्काम जुळे सोलापुरात मावसबहिणीकडे होता. कडक भाकरी (वाळवून कुरकुरीत केलेली पातळ भाकरी), शेंगाचटणी आणि दही असं जेवण झालं. दोन घास जास्तच गेले. काळजीत मला भूक लागते.

सकाळी अम्मा रेशमी साडी नेसून आल्या. नारळ फुटला, देव्हारा बाजूला सरकला आणि गंजलेलं दार तेल पाजल्यावर कुरकुरत उघडलं. तसबीर उराशी धरून अम्मा उंबऱ्यावर थांबल्या.

"आधी देव बाहेर जाऊ दे," त्या म्हणाल्या. "मग सगळ्यांनी यायचं. माग बंद करा."

इराप्पांनी माग थांबवला, चपला काढल्या आणि निघाले. एकेक करून सगळे माग थांबले, सगळी माणसं त्या दारातून बाहेर पडली. अंगणाला वळसा घालून देव पुढच्या दाराने आत आला आणि सुतापासून लांब, ऑफिसच्या भिंतीशी बसला. माझे डोळे भरून आले होते, पण नारळाचा प्रसाद खाण्यात ते खपून गेलं.

माग पुन्हा सुरू झाल्यावर मी भीत भीत घंटा वाजवायला लावली. इराप्पांनी माग बंद केला आणि देव गेला त्याच वाटेने चालू लागले. मागोमाग सगळे.

परतीच्या गाडीत अहवाल भरायला घेतला. सरावात सर्वांत पुढे कोण होतं, असा एक प्रश्न होता आणि शेजारी त्या व्यक्तीच्या सहीची जागा. मी नागेशचं नाव लिहिलं, खोडलं आणि अम्मांचं लिहिलं. खरं तर त्यांच्याही पुढे एक जण होता, पण त्याची सही कुठून आणणार?